खरा फास्टर फेणे कुठला? गोष्ट पडद्यावर जाताना काय काय होतं



सातवीच्या वर्गाला मी एकदा 'माझे आवडते पात्र' हा निबंध दिला होता. एका मुलाने फास्टर फेणे निवडला. मला आनंद झाला, कारण भा. रा. भागवत हल्लीची मुलं वाचतात कुठे? पण निबंध वाचायला घेतला आणि थबकले. फास्टर फेणे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो, सोबत परीक्षा देणाऱ्या एका मुलाच्या मृत्यूचं गूढ उकलतो आणि परीक्षेतला घोटाळा बाहेर काढतो, असं त्याने लिहिलं होतं. मी लाल पेनाने शेरा मारला, 'पुस्तक न वाचता लिहिले आहे', आणि दहापैकी चार गुण देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलाशी उभा. "बाई, मी मनाचं नाही लिहिलं. सिनेमात असंच आहे."

मी म्हटलं, "अरे, पण खरा फास्टर फेणे शाळेत जाणारा मुलगा आहे."

त्याने विचारलं, "मग सिनेमातला खोटा का?"

खरं सांगते, मला चटकन उत्तर देता आलं नाही. 'पुस्तक ते खरं, सिनेमा तो खोटा' असं आपण नेहमी गृहीत धरतो. पण ते कशावरून? तिथून हा विषय डोक्यात घोळायला लागला. आता तर मुलं फक्त पुस्तकांवरचे सिनेमे बघत नाहीत, मोबाईलवरच्या गेमवर निघालेले सिनेमेही बघतात. म्हणून आजच्या लेखात आपण हेच समजून घेऊ, की एखादं पुस्तक किंवा व्हिडिओ गेम पडद्यावर आणताना अडचणी कोणत्या येतात, बदल का करावे लागतात आणि वर्गात किंवा घरी या सगळ्याचा उपयोग कसा करून घेता येईल.

माध्यमांतर म्हणजे काय?

एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत नेला की आपण त्याला भाषांतर म्हणतो. तसंच एका माध्यमातली कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेली की ते माध्यमांतर. भाषांतर करताना आपल्याला ठाऊक असतं, की शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. 'उंटावरून शेळ्या हाकणे' याचं शब्दशः इंग्रजी केलं तर वाचणाऱ्याला खरंच उंट आणि शेळ्या दिसतील. माध्यमांतराचंही तसंच आहे. पुस्तकाची भाषा शब्दांची, सिनेमाची भाषा चित्राची आणि आवाजाची, तर गेमची भाषा कृतीची. जे एका भाषेत सहज सांगता येतं, ते दुसऱ्या भाषेत सांगायला वेगळी वाट शोधावी लागते.

आता एकेक अडचण बघू. आधी पुस्तकांच्या.

पहिली अडचण : वेळ

अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी वाचायला आपल्याला सात-आठ तास सहज लागतात. शिवाय ते आपण आठवडाभर पुरवून पुरवून वाचतो. सिनेमाला मात्र दोन-अडीच तासच मिळतात, तेही एका बैठकीत. पटकथा लिहिणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब असतो, की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाची पटकथा झाली १२० पानांची, आणि त्यातही निम्मी जागा मोकळी. मग तीनशे पानांचं करायचं काय? गाळावं तर लागणारच.

'श्यामची आई'चंच उदाहरण घ्या. साने गुरुजींचं हे पुस्तक ४२ रात्रींमध्ये विभागलेलं आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना. प्रत्येक रात्र स्वतंत्र आणि आपल्या जागी पूर्ण. आता या ४२ रात्री जशाच्या तशा पडद्यावर आणायच्या म्हटलं, तर दोन तासांत एकेका रात्रीच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. म्हणून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला तेव्हा त्यांना निवड करावीच लागली. कुठल्या आठवणी ठेवायच्या, कुठल्या सोडायच्या आणि त्या सुट्या मण्यांतून एक धागा कसा ओवायचा, हे ठरवावं लागलं. त्यांची निवड किती चांगली होती, हे आपल्याला माहीत आहेच. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं.

सत्यजित राय यांनीही हेच केलं. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' ही कादंबरी अपूच्या कुटुंबासोबत गाव सोडून काशीपर्यंत जाते. रायांचा १९५५ सालचा सिनेमा मात्र कुटुंब गाव सोडून निघतं तिथेच थांबतो. काशीचा भाग त्यांनी पुढच्या 'अपराजितो'मध्ये घेतला. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण फार लवकर मरते. रायांनी तिला सिनेमात बराच काळ जिवंत ठेवलं. त्यामुळे मुलांचं आणि तिचं नातं आपल्यासमोर वाढत जातं आणि तिचं जाणं आपल्यालाही लागतं.

कधी कधी उलटंही घडतं. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या मिळून जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) हा एकच सिनेमा झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. याच्या उलट, 'द हॉबिट' या एकाच पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक सिनेमे निघाले. हॅरी पॉटरची पुस्तकं सात, पण सिनेमे आठ, कारण शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग केले. म्हणजे वेळ ही नुसती कमी पडणारी गोष्ट नाही. ती जास्त झाली तरी अडचण होते, कारण मग गोष्टीत पाणी घालावं लागतं.

दुसरी अडचण : मनातलं दाखवायचं कसं?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट स्वतःच सांगतो. शिरोडकरबद्दल त्याला काय वाटतं हे तो तिला फारसं बोलून दाखवत नाही, पण आपल्याला सगळं कळतं, कारण आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो. कादंबरीची निम्मी गंमत त्या डोक्यातल्या बडबडीत आहे.

कॅमेरा डोक्याच्या आत जाऊ शकत नाही. तो बाहेर उभा राहतो. त्याला मुकुंदाचा चेहरा दिसतो, शिरोडकर वर्गात आल्यावर वळलेली मान दिसते, पण 'मला असं वाटलं' हे वाक्य दिसत नाही. मग दिग्दर्शकापुढे थोडेच मार्ग उरतात. एक म्हणजे पात्राच्या आवाजात मागून निवेदन देणं. पण ते जास्त झालं की सिनेमा बघण्याऐवजी कोणीतरी पुस्तक वाचून दाखवतंय असं वाटायला लागतं. दुसरा मार्ग, मनातली गोष्ट मित्राशी बोलायला लावणं. आणि तिसरा, सगळ्यांत अवघड, तो म्हणजे नुसत्या नजरेवर आणि शांततेवर विश्वास ठेवणं. सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०११) बघताना यातलं काय कुठे वापरलंय ते मुद्दाम बघा. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही कादंबरीवर जीव असलेले वाचक 'पुस्तकाची मजा वेगळी' असं म्हणतात, ते या डोक्यातल्या आवाजामुळेच.

हीच गोष्ट 'बनगरवाडी'ची. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या या कादंबरीत धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आपल्याशी बोलतो. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिचा सिनेमा केला. आपण शिक्षकांनी तरी दोन्ही अनुभवावंत असं मला वाटतं. नव्या गावात, रिकाम्या शाळेत उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो शब्दांत एका तऱ्हेने कळतो आणि उजाड माळ डोळ्यांनी बघितल्यावर वेगळ्या तऱ्हेने.

तिसरी अडचण : प्रत्येकाच्या मनातला चेहरा

पुस्तकात लेखक लिहितो, 'घर गरिबीचं होतं.' झालं, त्याचं काम संपलं. पुढचं घर तुम्ही बांधता, आणि तुमचं घर माझ्या घरासारखं नसतं. सिनेमात मात्र 'गरिबीचं घर' असं मोघम काही चालत नाही. भिंती कुडाच्या की मातीच्या, चुलीशी भांडी किती, लुगड्याला ठिगळ कुठे, हे सगळं कोणीतरी ठरवावं लागतं. आणि एकदा ठरलं की तेच सगळ्यांना दिसतं. वाचकांच्या मनातली हजार घरं जाऊन एकच घर उरतं.

पात्रांचंही तेच. पुस्तकातला नायक प्रत्येकाचा वेगळा असतो. पडद्यावर त्याला एकच चेहरा मिळतो आणि मग 'हा काय आमचा फास्टर फेणे नव्हे!' अशी ओरड होते. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली, तेव्हा सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता. ज्यांनी ती लहानपणी बघितली त्यांच्यासाठी तोच चेहरा पक्का झाला. २०१७ च्या आदित्य सरपोतदार यांच्या सिनेमात अमेय वाघ आला, आणि आताच्या मुलांना तो खरा वाटतो.

पण पडदा नुसतं हिरावून घेत नाही, देतोसुद्धा. आनंद यादवांची 'नटरंग' वाचताना ढोलकी आपल्याला कल्पनेनेच ऐकावी लागते. रवी जाधव यांच्या सिनेमात ती खरोखर वाजते. पहिलवान गडी नाच्या होतो, म्हणजे त्याच्या शरीराचं काय होतं, हे पुस्तक शब्दांत सांगतं. अतुल कुलकर्णींनी ते स्वतःचं शरीर बदलून दाखवलं. हे काम शब्दांचं नव्हे.

चौथी अडचण : काळ आणि प्रेक्षक

सुजय डहाके यांनीच २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा केला, आणि तोही कृष्णधवल. रंगीत कॅमेरे हाताशी असताना रंग काढून टाकणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. अत्र्यांच्या सिनेमानंतर ७० वर्षांनी त्याच पुस्तकाकडे बघणारा माणूस वेगळा, प्रेक्षक वेगळा आणि काळही वेगळा. म्हणून एकाच पुस्तकाचे दोन सिनेमे एकसारखे होत नाहीत, आणि होऊही नयेत.

आता आपल्या फास्टर फेणेकडे या. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, 'टॉक्' करणारा शाळकरी पोरगा. सिनेमावाल्यांनी विचार केला असावा, की ज्यांनी ही पुस्तकं लहानपणी वाचली ते वाचक आता मोठे झालेत. मग फेणेलाही मोठा करू आणि आजच्या काळातल्या गुन्ह्याशी त्याची गाठ घालू. त्यांनी कथा नवीन लिहिली. पण 'टॉक्' ठेवलं, अंगातली चपळाई ठेवली, दुसऱ्याच्या अडचणीत नाक खुपसायची खोड ठेवली. आणि एक गोड गोष्ट केली. सिनेमात चक्क भा. रा. भागवत नावाचं पात्र आणलं, ते दिलीप प्रभावळकरांनी साकारलं. लेखकाला केलेला हा नमस्कारच म्हणायचा.

लेखकाला असे बदल नेहमी आवडतात असं नाही. रोआल्ड डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'वर १९७१ मध्ये सिनेमा निघाला. पटकथेवर नावही डाल यांचंच होतं, पण नंतर ती दुसऱ्याने बरीच बदलली. सिनेमाच्या नावातून चार्ली गेला आणि विली वोंका आला. डाल यांना तो सिनेमा आवडला नाही. प्रेक्षकांना मात्र पुढे तो इतका आवडला, की आजही तो बघितला जातो. मग बरोबर कोण? दोघंही आपापल्या जागी.

आता गेमकडे वळू : 'तो पडला' आणि 'मी मेलो'

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. मुलं गेम खेळताना काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. सिनेमा बघताना नायक खड्ड्यात पडला तर मूल म्हणतं, "अरे, तो पडला!" गेममध्ये तेच घडलं तर ओरडतं, "मी मेलो!" 'तो' जाऊन 'मी' येतो. पुस्तकात आपण दुसऱ्याची गोष्ट ऐकतो, सिनेमात बघतो, पण गेममध्ये गोष्ट आपल्या हाताने घडते. उडी मारायची की नाही, डावीकडे जायचं की उजवीकडे, हे खेळणारा ठरवतो. चुकला तर पुन्हा सुरुवातीपासून. दहा वेळा पडून अकराव्यांदा पलीकडे गेल्यावर जो आनंद होतो, तो त्याचा स्वतःचा असतो.

आता या गेमचा सिनेमा केला तर पहिली गोष्ट काय जाते? तो 'मी'. खेळणारा पुन्हा प्रेक्षक होऊन खुर्चीत बसतो. गेमवरच्या सिनेमांची खरी अडचण इथे आहे. दुसऱ्याला कॅरम खेळताना दोन तास बघत बसायला किती जणांना आवडेल?

त्यात गेमचे दोन प्रकार पडतात आणि दोन्हींच्या अडचणी उलट्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे ज्यात गोष्ट जवळजवळ नसतेच. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या गेममध्ये एक मिशीवाला प्लंबर पळतो, उड्या मारतो आणि राजकन्येला सोडवतो. बस, एवढंच. १९९३ मध्ये त्यावर सिनेमा काढताना बनवणाऱ्यांना वाटलं, एवढ्याशा गोष्टीवर काय होणार? म्हणून त्यांनी डायनासोरपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचं एक अंधारं शहरच रचलं. गेममधला रंगीबेरंगीपणा आणि बागडणं गेलं. सिनेमा सपशेल आपटला. पुढे २०२३ मध्ये ॲनिमेशनपट आला. त्यात मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो स्वतः सहनिर्माते होते. या वेळी गोष्ट साधीच ठेवली, पण उड्या, पाइप, मशरूम, संगीत सगळं ओळखीचं. त्या सिनेमाने जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. गोष्ट बारीक असेल तर जाड करायची गरज नसते. खेळणाऱ्याला त्या जगात जो आनंद मिळतो, तो पकडावा लागतो.

'सॉनिक'ची गंमत तर मुलांना नक्की सांगा. २०१९ मध्ये या सिनेमाची पहिली झलक आली तेव्हा सॉनिकला माणसासारखे दात आणि बारीक डोळे दिले होते. गेम खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला, की निर्मात्यांनी पात्राचं रूपच बदललं आणि सिनेमा नोव्हेंबर २०१९ ऐवजी फेब्रुवारी २०२० मध्ये आणला. मघाशी आपण म्हटलं, की पुस्तकातल्या पात्राला प्रत्येकाच्या मनात वेगळा चेहरा असतो. गेममध्ये उलट आहे. तिथे चेहरा आधीच ठरलेला असतो आणि तो हलवला तर खैर नाही.

'माइनक्राफ्ट'मध्ये तर ठरलेली गोष्टच नाही. ठोकळे फोडायचे, जोडायचे आणि हवं ते बांधायचं. प्रत्येक मुलाचं जग निराळं. २०२५ मध्ये त्यावर सिनेमा आला, तेव्हा आपल्या जगातली माणसं त्या ठोकळ्यांच्या जगात जाऊन पडतात अशी युक्ती वापरावी लागली. आणि 'टेट्रिस'? वरून पडणारे तुकडे रचायचे, एवढाच खेळ. त्यावर कथा कशी लिहिणार? २०२३ च्या 'टेट्रिस' या सिनेमाने ती लिहिलीच नाही. सोव्हिएत रशियात जन्मलेल्या या खेळाचे हक्क मिळवण्यासाठी काय काय खटपटी झाल्या, ती खरी गोष्ट सांगितली.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यात गोष्ट आधीच भरगच्च असते. 'द लास्ट ऑफ अस' हा २०१३ चा गेम असाच आहे. साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगातून एक पोळलेला माणूस आणि एक मुलगी प्रवास करतात. हा गेम आणि त्यावरची मालिका दोन्ही मोठ्यांसाठी आहेत, मुलांसाठी नाहीत, हे आधीच सांगते. पण माध्यमांतराचा धडा म्हणून ते आपण समजून घेण्यासारखं आहे. गेम साधारण पंधरा तासांचा. त्यातला बराच वेळ लपण्यात, लढण्यात आणि सामान शोधण्यात जातो. २०२३ च्या मालिकेत हे पुष्कळ कमी केलं, कारण लढाई खेळताना थरार असतो, पण तीच ती पुन्हा पुन्हा बघताना कंटाळा येतो. मग वाचलेल्या वेळेचं काय केलं? गेममध्ये आपण कायम त्या दोघांबरोबरच बांधलेले असतो, कारण आपण तेच असतो. मालिकेला अशी सक्ती नव्हती. म्हणून तिसऱ्या भागात कॅमेरा त्या दोघांना सोडून बिल आणि फ्रँक या दोन माणसांच्या आयुष्याकडे जातो. गेममध्ये फ्रँक आपल्याला जिवंत भेटतही नाही. मालिकेत मात्र दोघांचं सगळं सहजीवन दिसतं. खेळातून जे निसटलं होतं, ते पडद्याने भरून काढलं. ही मालिका करणाऱ्या दोघांपैकी नील ड्रकमन हे मूळ गेमचेच लेखक होते. म्हणजे आपली गोष्ट कुठे बदलायला हवी, हे ओळखण्यात मूळ लेखकाचाही हात होता.

मग 'जसंच्या तसं' म्हणजे चांगलं का?

एवढं सगळं बघितल्यावर लक्षात येतं, की 'सिनेमा पुस्तकासारखा आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. त्याऐवजी मी आता वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहिते :

१. काय गाळलं?
२. काय घातलं?
३. काय बदललं?

आणि प्रत्येकापुढे एक छोटा प्रश्न : का? त्याने गोष्टीचं काय झालं?

या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची तर पुस्तक वाचावंच लागतं आणि सिनेमाही नीट बघावा लागतो. 'सिनेमा दाखवला तर मुलं पुस्तक कशाला वाचतील?' असं पालक सभेत नेहमी विचारतात. माझा अनुभव असा, की नुसता सिनेमा दाखवून सोडून दिलं तर नाहीच वाचत. पण 'सिनेमात नसलेल्या तीन गोष्टी पुस्तकातून शोधून आणा' म्हटलं, तर पुस्तकासाठी रांग लागते.

वर्गात आणि घरी करून बघा

*एका प्रसंगाची पटकथा.* 'श्यामची आई'मधला आंघोळीचा प्रसंग घ्या. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो आणि त्यावरून आई त्याला मनाच्या स्वच्छतेबद्दल सांगते. मुलांना म्हणा, हा प्रसंग एकही शब्द न बोलता करून दाखवा. पाय आणि पदर सहज दाखवता येतो. मनाच्या स्वच्छतेपाशी गाडी अडते. तिथे मुलांना माध्यमाची अडचण स्वतःच्या अंगाने कळते. आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

*सापशिडीवर सिनेमा.* गेमची अडचण समजावायला मोबाईल लागत नाही. गटांना सांगा, सापशिडीवर पाच मिनिटांचं नाटुकलं लिहा. नायक कोण? सोंगटी? साप का गिळतो? ९८ वरून खाली आल्यावर तिला काय वाटतं? इथे सापशिडीचं जुनं रूप, म्हणजे मोक्षपट, जरूर सांगा. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. म्हणजे आपल्याकडे खेळात गोष्ट आधीपासून होतीच.

*आधी चित्र, मग सिनेमा.* सिनेमा दाखवण्यापूर्वी पात्राचं चित्र काढून घ्या. सिनेमा झाल्यावर पुन्हा काढायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवा. मनातला चेहरा कसा पुसला जातो, ते कागदावरच दिसतं.

*घरी पालकांसाठी.* मूल जो गेम खेळतं तो एकदा शेजारी बसून बघा आणि विचारा, "यावर सिनेमा काढला तर सुरुवात कुठून करशील?" रागावण्याच्या ऐवजी हा प्रश्न विचारून बघा, मूल अर्धा तास बोलत राहतं. अर्थात, गेमवर आणि सिनेमावर कितव्या वयापासून योग्य ते लिहिलेलं असतं, तेही बघत चला. आपल्याकडे सिनेमाच्या यूए प्रमाणपत्रात आता ७, १३ आणि १६ वर्षं असे वयाचे टप्पे दिलेले असतात.

एक व्यावहारिक मुद्दा. पुस्तकावर सिनेमा काढायचा तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. शाळेच्या उपक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, जिथे प्रेक्षक शाळेतलेच लोक आणि पालक आहेत, त्याला कायद्यात सवलत आहे. पण त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा हौसेने चढवण्यापूर्वी थांबा आणि विचारा.

त्या निबंधाचं काय झालं?

मी त्या मुलाला विचारलं, "पुस्तक का नाही वाचलंस?" तो म्हणाला, "बाई, शाळेत एकच आहे. ते कायम कोणाकडे तरी असतं." मी वाचनालयाचं रजिस्टर बघितलं. खरंच होतं. घरी पुस्तक विकत घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, सिनेमा मात्र टीव्हीवर लागला होता. म्हणजे ज्या एका वाटेने त्याला फास्टर फेणेपर्यंत पोचता आलं, त्या वाटेने तो पोचला होता. आणि मी लाल पेनाने ती वाटच खोटी ठरवली होती.

शेरा खोडता येत नाही, पण त्याच्या खाली लिहिता येतं. मी खाली लिहिलं, 'सिनेमातील पात्राचे वर्णन उत्तम.' आणि माझ्याकडची प्रत त्याला दिली. पंधरा दिवसांनी तो स्वतःहून दोन पानं लिहून घेऊन आला. गाळलं, घातलं, बदललं, असे तीन रकाने आखले होते. शेवटी एक ओळ होती : सिनेमातला फेणे जास्त शूर आहे, पण पुस्तकातला माझ्या वर्गात बसू शकतो.

'खरा कुठला' या त्याच्याच प्रश्नाचं हे उत्तर मला माझ्या उत्तरापेक्षा बरं वाटलं. पुढच्या वेळी मुलाच्या वहीत पुस्तकात नसलेलं काही सापडलं, तर शेरा मारण्यापूर्वी एवढंच विचारा : "हे तू कुठे बघितलंस?"

तुमच्या वर्गात हे उपक्रम करून बघितलेत तर मुलांनी काय शोधून काढलं ते जरूर कळवा.